नवी गाडी घेतली, आता बॅटरीकडे बघ

भाऊ, थंडीत बॅटरी बसते असं सगळे म्हणतात, पण आपल्याकडं तिला खरा मारतो तो उन्हाळा. पारा ४५ वर गेला की आतलं पाणी उडतं, प्लेटा झिजतात. गाडी कडुलिंबाखाली लावत जा. सकाळी इंजिन बंद असताना बॅटरीला मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) लाव: १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२ च्या खाली म्हणजे पार उतरलेली. चालू इंजिनवर १४ च्या आसपास यायला पाहिजे. नाही आलं तर बॅटरी बदलायच्या आधी अल्टरनेटर, म्हणजे चालू इंजिनवर बॅटरी भरणारं यंत्र, तपासून घे. टर्मिनलवर, म्हणजे बॅटरीला तारा जोडतात तिथं, पांढरा थर दिसला तर खायचा सोडा अन् कोमट पाणी. तारा काढताना निगेटिव्ह (−) आधी काढायचा, लावताना शेवटी.

पोळ्याच्या दिवशी मी इंजिन बंद ठेवून दुपारभर वूफरवर गाणी वाजवली. संध्याकाळी चावी फिरवली तर नुसती टक् टक्. बैल सजून तोरणाखाली, अन् आम्ही गाडी ढकलतोय!

अन् गाडी घेऊन मेळघाटात जाणार असशील, तर फोनमधला नकाशा परतवाड्यातच ऑफलाइन उतरवून घे. सेमाडोहकडं घाटात रेंज जाते. जीपीएस उपग्रहावर चालतं, म्हणून ठिपका सरकत राहतो. नाल्याला पूर आहे का, ते मात्र त्याला कळत नाही. ते चहाच्या टपरीवर विचार.