हिरवळीवरील डाग : फवारण्यापूर्वी काय पाहावे?

प्रश्न : आमच्या हिरवळीवर पंधरा दिवसांपासून वाळक्या गवताच्या रंगाचे गोल डाग पडत आहेत. खत कमी पडले असावे असे समजून युरिया दिला आणि संध्याकाळचे पाणीही वाढवले. परंतु डाग आता एकमेकांत मिसळू लागले आहेत. कोणते बुरशीनाशक फवारावे?

उत्तर : औषधाचे नाव सांगण्यापूर्वी डाग केवढा आहे हे विचारणे भाग आहे, आणि नेमके तेच आपण कळवलेले नाही. गोल डाग पाडणारे दोन रोग सर्वाधिक आढळतात आणि नत्राच्या (युरियातून मिळणाऱ्या नायट्रोजनच्या) बाबतीत त्यांची तऱ्हा परस्परविरुद्ध आहे. ‘डॉलर स्पॉट’ या रोगाचे डाग आखूड कापलेल्या गवतावर नाण्याएवढे, म्हणजे 2 ते 5 सेंटिमीटरचे असतात आणि उंच ठेवलेल्या गवतावर ते 15 सेंटिमीटरपर्यंत जातात. एखादे रोगट पाते हातात घेऊन पाहिल्यास त्यावर फिकट, मधोमध डमरूसारखा अरुंद झालेला आणि तांबूस कडा असलेला चट्टा दिसतो. हा रोग नत्राची उपासमार झालेल्या गवतावर जोर धरतो, त्यामुळे थोडे नत्र देणे हाच त्यावरचा पहिला उपाय ठरतो.

याउलट, रायझोक्टोनिया या बुरशीमुळे होणाऱ्या ‘ब्राऊन पॅच’चे डाग 15 सेंटिमीटरपासून मीटरभर किंवा त्याहूनही मोठे असतात. रात्रीचे तापमान 20 अंश सेल्सियसच्या वर राहिले आणि पाती दहा-बारा तास ओली राहिली की तो झपाट्याने पसरतो. भरपूर नत्रामुळे लुसलुशीत झालेले गवत तर त्याला आयतेच मिळते. भल्या पहाटे, दंव असताना, डागाच्या कडेने धुरकट करड्या रंगाचे कडे दिसले, तर ओळख जवळजवळ पक्की समजावी. ऊन चढले की ते कडे नाहीसे होते, म्हणून दुपारी केलेली पाहणी बहुधा फुकट जाते.

युरिया आणि संध्याकाळचे पाणी मिळताच डाग वाढले, यावरून आपल्याकडे ‘ब्राऊन पॅच’ असण्याची शक्यता मला अधिक वाटते. नत्र तूर्त पूर्ण थांबवावे आणि पाणी पहाटे द्यावे, म्हणजे सूर्य वर येताच पाती सुकतील. रोज थोडे थोडे शिंपडण्यापेक्षा काही दिवसांच्या अंतराने मुळांपर्यंत पोहोचेल असे पाणी देणे केव्हाही चांगले. सकाळी लांब काठी किंवा पाण्याची नळी गवतावरून ओढून दंव झाडण्याचा जुना उपाय बिनखर्ची असून दोन्ही रोगांत उपयोगी पडतो. एवढे करूनही डाग पसरत राहिले, तर हिरवळीसाठी शिफारस असलेले अ‍ॅझॉक्सिस्ट्रॉबिन किंवा प्रोपिकोनॅझोल हे बुरशीनाशक वेष्टनावरील मात्रेनुसार फवारावे. मात्र एकाच गटातील, म्हणजे एकाच पद्धतीने काम करणारे औषध पाठोपाठ वापरल्यास बुरशी त्याला दाद देईनाशी होते, म्हणून गट बदलावा. वाळलेली पाती फवारणीने पुन्हा हिरवी होत नाहीत. औषध नवी लागण थोपवते; डाग भरून येतो तो नव्या फुटव्यांनीच.

प्रश्न : उष्ण, दमट हवेत सखल भागातील गवत एका रात्रीत तेलकट होऊन झोपले आणि सकाळी त्यावर कापसासारखी पांढरी वाढ दिसली. कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक दोनदा फवारले, तरी गुण नाही.

उत्तर : गुण येणार नव्हताच, कारण वर्णन ‘पिथियम’चे आहे. पिथियम दिसायला बुरशीसारखे असले तरी ते खऱ्या बुरशीच्या कुळातले नाही. त्याचे नाते शेवाळांच्या एका गटाशी अधिक जवळचे आहे. त्यामुळे कार्बेन्डाझिमचा त्यावर परिणाम होत नाही, तेथे मेटॅलॅक्झिलसारखे औषध लागते. हा रोग वाहत्या पाण्याबरोबर आणि कापणी यंत्राच्या चाकांबरोबर पसरतो, म्हणून डाग पुष्कळदा पट्ट्यांच्या रूपात दिसतात. ओले गवत मुळीच कापू नये आणि रोगट भागात वापरलेले यंत्र धुऊन घ्यावे. पाणी साचणाऱ्या जागेचा निचरा सुधारला नाही, तर औषधाचा खर्च दरवर्षी करावा लागेल.

प्रश्न : हिरवळीवरून चालल्यावर बुटांना नारिंगी पूड लागते.

उत्तर : हा तांबेरा आहे. गवताची वाढ मंदावली की तो दिसतो. हलके नत्र द्यावे, नियमित कापणी करावी आणि कापलेली पाती गोळा करावीत. जोमाने वाढणारे गवत रोगट टोके कापणीबरोबर टाकून देते, त्यामुळे फवारणीची वेळ सहसा येत नाही.

प्रश्न : गर्द हिरव्या गवताचे एक मोठे कडे उमटले असून त्यावर कुत्र्याच्या छत्र्या उगवतात. कडे दरवर्षी रुंदावते आहे.

उत्तर : जमिनीत पुरलेले लाकूड, जुना बुंधा किंवा मुळे कुजवणारी बुरशी एका बिंदूपासून बाहेर सरकत जाते. तिने मोकळ्या केलेल्या नत्रामुळे कड्यावरील गवत गर्द होते. पण तिच्या तंतूंचे जाळे दाट झाले, तर माती पाणी शोषेनाशी होते आणि गवत तहानेने वाळते. फवारणीचा येथे फारसा भरवसा नाही. कड्यावर पंज्याने खोल भोके पाडून सावकाश पाणी मुरवावे आणि लाकूड सापडल्यास उकरून काढावे. छत्र्या मुलांच्या किंवा पाळीव जनावरांच्या तोंडी जाण्यापूर्वी वेचून टाकाव्यात.

प्रश्न : वाळलेल्या गोल डागांवर तीन औषधे झाली. आता चौथे कोणते?

उत्तर : चौथे नको. वाळलेल्या भागातील गवत मुठीत धरून ओढावे. ते सतरंजीसारखे अलगद उचलले गेले, तर खाली हुमणीच्या अळ्या मुळे खात असतील. डागाभोवती गर्द हिरवी कडा असेल आणि घरी कुत्रा असेल, तर ते त्याच्या मूत्राचे काम आहे. तेथे पुष्कळ पाणी ओतावे. सगळ्या हिरवळीवर पात्यांची फक्त टोकेच फाटून पांढुरकी झाली असतील, तर कापणी यंत्राच्या पात्याला धार लावून घ्यावी.