कर्ज नको म्हणून फॉर्मच भरला नव्हता

ऑक्टोबरमध्ये कॅनडातल्या मिसिसागाच्या एक ताई मुलीला घेऊन आल्या. घरचे सगळे पीआर, म्हणजे कॅनडात कायम राहायची परवानगी असलेले. मुलगी कॉलेजला लागून महिना झालेला, फीमध्ये होती नव्हती ती बचत गेली आणि त्यातच बाबांची नोकरी गेली. मी विचारलं ओसॅप, म्हणजे ओंटारिओ प्रांताच्या विद्यार्थी आर्थिक मदतीचा फॉर्म, भरलात का, तर म्हणाल्या, "नको मॅडम, कर्जच ना ते? भावाच्या इंजिनिअरिंगसाठी आमच्या वडिलांनी शेत गहाण टाकलेलं, ते सोडवता सोडवता म्हातारे झाले."

अशी भीती खूप घरांत असते आणि ती उगाच नसते. म्हणून आधी ऐकून घेतलं, मग सांगितलं की ताई, ओंटारिओत हे लोन मुलीच्या नावावर असतं, तारण नाही, जामीनदार नाही, आईबाबांची सही फक्त उत्पन्न दाखवायला लागते. आणि त्याच एका अर्जातून ग्रँटपण ठरते, म्हणजे परत न करायचे पैसे. लोन नको असेल तर नुसती ग्रँट घेता येते! फॉर्मच नाही भरला तर तीही गेली. कॉलेजची बर्सरी, म्हणजे गरजू मुलांना कॉलेज देतं ती मदत, वेगळी, पण तिथेही बऱ्याचदा पहिला प्रश्न हाच, ओसॅप केलंय का.

मुलीला व्याजाची काळजी होती. या लोनचा एक भाग कॅनडाच्या केंद्र सरकारचा आणि एक प्रांताचा असतो. केंद्राच्या भागावर 1 एप्रिल 2023 पासून व्याज नाही, प्रांताच्या भागावर मात्र अजून आहे, ते शिक्षण संपल्यावर सुरू होतं. पहिले 6 महिने हप्ता नसतो पण प्रांताचं व्याज तेव्हाही चढतं, हे मी मुद्दाम सांगते कारण मुलं तिथेच फसतात. पुढे पगार कमी असेल तर हप्ता कमी किंवा शून्य करून मिळतो, पण तो आपोआप होत नाही, दर 6 महिन्यांनी अर्ज करावा लागतो.

उशीर झाला असं ताईंना वाटत होतं, पण शैक्षणिक वर्ष संपायच्या 60 दिवस आधीपर्यंत अर्ज चालतो आणि हिचं वर्ष एप्रिलपर्यंत होतं. तिथेच बसून भरला. मदतीचा आकडा फारच कमी आला, कारण सिस्टिम आधीच्या वर्षाचं उत्पन्न धरते, तेव्हा बाबांना पूर्ण पगार होता. मग कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसात नोकरी गेल्याचं पत्र देऊन रिव्ह्यू मागितला, आणि डिसेंबरमध्ये ग्रँट वाढून आली.

जाताना ताईंनी विचारलं, सांगलीहून भाचा येतोय स्टडी परमिटवर, त्याचंही भरू का. त्याला नाही मिळत, ओसॅप फक्त सिटिझन, पीआर आणि प्रोटेक्टेड पर्सनना, म्हणजे कॅनडाने संरक्षण दिलेल्या निर्वासितांना. त्याचा खर्च आधीच नीट मोजा म्हटलं, आणि पुढच्या आठवड्यात त्याच्या आईला फोनवर घेऊन बसलो.