पाकीट उलटून वाचताना : वाचकांचे प्रश्न

किराणा आणि बेकरीच्या मालाच्या पाकिटांवर छापलेल्या मजकुराविषयी बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी भागातून बरेच प्रश्न आले. सारखे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. हिशेबासाठी घेतलेले आकडे समजण्यापुरते आहेत. खरे आकडे तुमच्या हातातल्या पाकिटावरच पाहावेत.

प्रश्न : मी आणि सासूबाई दोघी मराठी शाळेत शिकलेल्या. पाकिटावर सगळे इंग्रजीत असते, क्वचित कन्नडमध्ये. मराठीत का छापत नाहीत? आणि एवढ्या बारीक अक्षरांत नेमके काय वाचायचे? (गृहिणी, खानापूर)

कायद्याप्रमाणे लेबलवरची आवश्यक माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी लिपीतल्या हिंदीत असावी लागते. दुसरी कोणतीही भाषा जोडीला चालते, पण ती ऐच्छिक आहे. म्हणून मराठी नसल्याबद्दल दुकानदाराला बोल लावता येत नाही. मोबाइलमधल्या ‘गूगल लेन्स’ने मात्र बरेच काम भागते. चकचकीत पाकीट हाताने ताणून सपाट धरा, उजेडात फोटो काढा, मग भाषांतर मराठीत करून घ्या. आकडे भाषांतरात वाचू नका, मूळ पाकिटावरच बघा. पाकिटाला सुरकुती असली की दशांश चिन्ह गळते आणि २.५ चे २५ होतात.

वाचायची पहिली जागा म्हणजे ‘इन्ग्रेडियंट्स’, म्हणजे घटक पदार्थांची यादी. यात घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. जे सर्वांत जास्त घातले ते पहिले. पहिले तीन घटक वाचले की पाकिटात मुख्यतः काय आहे ते कळते.

काही शब्द पाठच करून टाका. ‘रिफाइंड व्हीट फ्लोअर’ म्हणजे मैदा. ‘एडिबल व्हेजिटेबल ऑइल’ हा शब्द दिसला तर थांबू नका, पुढच्या कंसात तेलाचे नाव असते. ‘पामोलिन’ किंवा ‘पाम’ म्हणजे पाम तेल. ‘मिल्क सॉलिड्स’ म्हणजे दुधातला पाणी सोडून उरणारा भाग, बहुधा दूध पावडरच. साखर तर अनेक नावांनी येते : डेक्स्ट्रोज, लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, फ्रुक्टोज, मध, गूळ. इथेच गफलत होते. साखर यादीत तिसरी असते, इन्व्हर्ट सिरप पाचवे, ग्लुकोज सहावे. तिन्ही एकत्र लिहिली असती तर कदाचित साखरच पहिल्या क्रमांकावर आली असती. ‘माल्टोडेक्स्ट्रिन’ स्टार्चपासून बनते आणि चवीला फारसे गोड नसते, पण रक्तातली साखर वेगाने वाढवते. घरात मधुमेह असेल तर हा शब्द जरूर शोधा.

प्रश्न : मुलांच्या डब्यासाठी ‘गव्हाची’ म्हणून बिस्किटे आणते. ती मैद्याच्या बिस्किटांपेक्षा खरेच बरी का? मागे कंसात नंबर असतात, ते केमिकल असतात म्हणे. (वाचक, टिळकवाडी, बेळगाव)

पाकिटाच्या दर्शनी बाजूवर गहू, ओट्स, बदाम, मध असे एखाद्या घटकाचे नाव ठळक करून माल विकला जात असेल, तर तो घटक किती टक्के घातला ते यादीत लिहावे लागते. त्यामुळे समोर गव्हाची ओंबी दिसली की मागे टक्का शोधा. यादीची सुरुवात ‘रिफाइंड व्हीट फ्लोअर (मैदा)’ अशी असेल आणि ‘व्हीट फ्लोअर (आटा)’ पुढे १५-२० टक्क्यांवर दिसला, तर ती मैद्याचीच बिस्किटे आहेत. ‘मल्टिग्रेन’चेही तसेच : पाच धान्यांची नावे दिसतात, पण प्रत्येकाचे टक्के एक-दोनच असू शकतात.

मग पोषणाचा तक्ता बघा. त्यात १०० ग्रॅमचा एक रकाना आणि ‘पर सर्व्ह’ म्हणजे एका वेळच्या खाण्याचा दुसरा. एका वेळचे प्रमाण किती धरायचे ते कंपनी ठरवते, आणि ते अनेकदा दोनच बिस्किटांचे असते. तुमच्या घरचा हिशेब असा करा. समजा १०० ग्रॅममध्ये ‘ॲडेड शुगर’ २४ ग्रॅम आहे आणि एक बिस्कीट ८ ग्रॅमचे आहे. डब्यात पाच बिस्किटे गेली म्हणजे ४० ग्रॅम. त्यात साखर ९.६ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ दोन चमचे. लेबलवरचे टक्के मोठ्या माणसाच्या २,००० किलोकॅलरी आहारावर काढतात, आणि त्यात वरून घातलेल्या साखरेची मर्यादा दिवसाला ५० ग्रॅम धरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ती सुमारे २५ ग्रॅमवर ठेवणे आणखी चांगले. शाळकरी मुलाचा आहार २,००० पेक्षा कमी असेल तर मर्यादाही तेवढीच खाली येते. दोन पाकिटांची तुलना नेहमी १०० ग्रॅमच्या रकान्यानेच करा.

दुधात घालायच्या पावडरींनाही हाच नियम. ‘हेल्थ ड्रिंक’ अशी व्याख्या अन्न सुरक्षा कायद्यात नाही. म्हणूनच एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेये त्या गटातून काढायला सांगितले.

आता नंबर. नंबर दिसला की विष, असे अजिबात नाही. ५०० म्हणजे आपला खाण्याचा सोडा, ३३० म्हणजे लिंबूसत (सायट्रिक ॲसिड), ३२२ म्हणजे लेसिथिन, जे बहुधा सोयाबीनचे असते. लक्ष ठेवायचे ते १०२ आणि ११० या कृत्रिम पिवळ्या-केशरी रंगांवर. ते परवानगीच्या मर्यादेत चालतात, पण मुलांच्या रोजच्या डब्यात त्यांची गरजच काय? ६२१ म्हणजे ज्याला बाजारात अजिनोमोटो म्हणतात ते. ते घातलेला पदार्थ १२ महिन्यांखालच्या बाळांना देऊ नये, अशी सूचना पाकिटावर असते. २११ हे सोडियम बेंझोएट, टिकवण्यासाठी घालतात. सॉस, सरबते आणि लोणच्यांत दिसते.

प्रश्न : वडिलांना बीपी आहे. डॉक्टरांनी मीठ कमी सांगितले. घरच्या जेवणात कमी केले, पण चिवडा, लोणचे सुटत नाही. लेबलवर ‘सॉल्ट’चा आकडा सापडत नाही. (वाचक, निपाणी)

तक्त्यात ‘सोडियम’ शोधा. तो मिलिग्रॅममध्ये असतो. त्याला अडीचने गुणले की मीठ निघते. समजा चिवड्याच्या १०० ग्रॅममध्ये ८०० मिलिग्रॅम सोडियम आहे आणि पाकीट १५० ग्रॅमचे. सगळे पाकीट मिळून १,२०० मिलिग्रॅम, म्हणजे ३ ग्रॅम मीठ. दिवसभराची मर्यादा ५ ग्रॅम, म्हणजे सोडियम २,००० मिलिग्रॅम. संध्याकाळच्या चहासोबत ते पाकीट संपले तर दिवसाच्या निम्म्याहून अधिक मीठ तिथेच गेले. टीव्हीसमोर पाकीट हातात देण्याऐवजी वाटीत काढून द्या.

सोडियम फक्त मिठातून येत नाही. खाण्याचा सोडा, ६२१ आणि २११ यांतही तो असतो, म्हणून पापड, टोस्ट आणि ब्रेड चवीला खारट नसले तरी आकडा वाचावा. ‘लो सोडियम’ असा दावा १०० ग्रॅममध्ये १२० मिलिग्रॅमपर्यंतच करता येतो. ‘लो सोडियम’ मीठ मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका. त्यात पोटॅशियम असते आणि मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांना किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असलेल्यांना ते घातक ठरू शकते. लोणच्याच्या बाबतीत वाचण्यापेक्षा मोजणे बरे : फोड एकच, आणि खार ताटात घ्यायचा नाही.

प्रश्न : दुधाच्या पिशव्यांचे रंग वेगवेगळे. कधी नंदिनी मिळते, कधी गोकुळ. कोणती साईची? (गृहिणी, वडगाव)

रंगावर जाऊ नका, प्रत्येक संघाचे रंग वेगळे. प्रकाराचे नाव वाचा. डबल टोन्ड म्हणजे १.५ टक्के स्निग्धांश, टोन्ड ३, स्टँडर्डाइज्ड ४.५, फुल क्रीम ६. दही आणि खिरीसाठी शेवटचे दोन. तसेच ‘फ्रोजन डेझर्ट’ लिहिलेला कप म्हणजे आइस्क्रीम नव्हे. त्यात दुधाच्या चरबीऐवजी वनस्पती तेलाची चरबी असते.

प्रश्न : संकेश्वरी आणि ब्याडगी मिरची आणून घरी कुटायला आता वेळ नाही. तयार तिखट आणि मसाला घेताना काय पाहावे? मुलीला गव्हाची ॲलर्जी आहे, तर मसाला चालतो ना? (वाचक, हुक्केरी)

मिरची पावडरीत वरून रंग घालायला परवानगी नाही. खाद्यतेल २ टक्क्यांपर्यंत घालता येते, पण तेलाच्या नावासह तसे पाकिटावर छापावे लागते. म्हणजे यादीत फक्त मिरची, फार तर तेल. ब्याडगीचा रंग आणि संकेश्वरीचा झणका वेगळा असतो हे तुम्हाला सांगायला नको. साध्या ‘चिली पावडर’ नावाच्या पाकिटावर मिरचीचा वाण लिहिलेला असेलच असे नाही. पाकिटावर ब्याडगीचे नाव ठळक असेल तर टक्का शोधा.

कांदा लसूण मसाल्यात मीठ कितव्या क्रमांकावर आहे ते बघा. मीठ दुसरे असेल तर मसाल्याच्या भावाने मीठ घेताय.

मुलीसाठी खरा धोका हिंगात आहे. बाजारातला बहुतेक हिंग ‘कम्पाउंडेड’ म्हणजे मिश्र असतो. डबीवर डिंक, गव्हाचे पीठ किंवा मैदा, मग हिंग, अशी यादी दिसते. तोच हिंग लोणच्यात, पापडात, सांबार मसाल्यात जातो. म्हणून प्रत्येक पाकिटावर ‘कंटेन्स’ ही वेगळी ओळ वाचा. ग्लूटेनयुक्त धान्ये, दूध, अंडे, मासे, खेकडा-कोळंबीसारखे कवचवाले जलचर, शेंगदाणे-सुकामेवा, सोयाबीन आणि सल्फाइट यांची नोंद तिथे असते. ‘मे कंटेन’ म्हणजे घातलेले नाही, पण त्याच कारखान्यातून अंश येऊ शकतो. गंभीर ॲलर्जी असेल तर तेही टाळा. तांदळाच्या पिठाचा हिंग मिळतो, यादी वाचून तोच घ्या. नेहमीची डबी आणली तरी दर वेळी पुन्हा वाचा, कारण कंपन्या घटक बदलतात.

प्रश्न : आम्ही जैन आहोत. हिरवा ठिपका असला की पुरे का? (वाचक, चिकोडी)

पुरे नाही. हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका म्हणजे मांस, मासे, अंडे नाही, एवढेच. दूध आणि मध शाकाहारीच धरले जातात. कांदा, लसूण, बटाटा याबद्दल ठिपका काहीच सांगत नाही. यादीत ‘ओनियन’, ‘गार्लिक’, ‘पोटॅटो स्टार्च’ शोधा. नुसते ‘स्पायसेस अँड कॉन्डिमेंट्स’ लिहिले असेल तर कांदा-लसूण नाही असे धरून चालू नका. मांसाहारी खूण आता तपकिरी चौकोनातला त्रिकोण आहे, त्यामुळे रंग ओळखायला अडचण असणाऱ्यांनाही आकारावरून कळते.

प्रश्न : पुण्याच्या पाहुण्यांसाठी कुंदा आणि गोकाकचा करदंट नेतो. बॉक्सवर काय पाहू? (वाचक, शहापूर, बेळगाव)

ट्रेमधून सुटा कुंदा घेत असाल तर ट्रेपाशी ‘बेस्ट बिफोर’ तारखेची पाटी असलीच पाहिजे. १ ऑक्टोबर २०२० पासून सुट्या मिठाईला हे बंधनकारक आहे. कधी बनवला ते मात्र तोंडी विचारा, ती तारीख लावणे ऐच्छिक आहे. सीलबंद बॉक्सवर पूर्ण लेबल हवे.

कुंद्याची यादी वाचताना एक लक्षात घ्या. वजनाचा क्रम बनवतानाचा असतो. दूध पातळ असताना मोजले जाते आणि आटून थोडे उरते. त्यामुळे ‘मिल्क’ पहिले आणि ‘शुगर’ दुसरी असली तरी तयार कुंद्यात साखर भरपूर असू शकते. खरे प्रमाण तक्त्यातल्या साखरेच्या आकड्यावरून कळते. करदंटात गूळ आहे की लिक्विड ग्लुकोज, आणि तूप आहे की ‘व्हेजिटेबल फॅट’, हे यादीत सरळ दिसते.

प्रश्न : एका पाकिटाचा माल खवट निघाला. कागलहून आणले होते. तक्रार कुठे करायची, कर्नाटकात की महाराष्ट्रात? (वाचक, निपाणी)

जिथे खरेदी केली तिथल्या अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांकडे. म्हणजे कागलच्या मालासाठी महाराष्ट्राचे अन्न व औषध प्रशासन. ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ ॲपवरूनही तक्रार जाते. फोनसाठी टोल-फ्री क्रमांक १८००११२१००.

पाकिटावर १४ आकडी एफएसएसएआय (भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण) क्रमांक असतो. पहिला आकडा १ म्हणजे परवाना, २ म्हणजे लहान व्यवसायाची नोंदणी. पुढचे दोन आकडे राज्याचे : कर्नाटक १२, महाराष्ट्र १५, गोवा ०६. ०० असेल तर केंद्राचा परवाना. क्रमांक या प्राधिकरणाच्या ‘फॉसकॉस’ संकेतस्थळावर टाकला की व्यवसायाचे नाव आणि पत्ता दिसतो. तो पाकिटावरच्या पत्त्याशी जुळतो का ते पाहा. ‘मार्केटेड बाय’ हा विकणारा, ‘मॅन्युफॅक्चर्ड बाय’ हा बनवणारा. दोघांचे पत्ते वेगळे असू शकतात. बॅच नंबर आणि तारीख असलेला कोपरा फाडून टाकू नका. पाकिटाच्या चारी बाजूंचे फोटो आणि दुकानाची पावती ठेवा, आणि उरलेला माल त्याच पाकिटात बंद करून ठेवा. डब्यात ओतलेला माल कुठल्या बॅचचा हे नंतर सिद्ध करता येत नाही.