नोकरी आणि घर सांभाळून रोजची प्रार्थना कशी टिकवावी?

'वेळ मिळाला की करू' असं म्हणाल, तर प्रार्थना राहूनच जाईल. रोज होणाऱ्या एखाद्या कामाला ती जोडून टाका. मी सकाळी चहाचं आधण ठेवलं की ओट्यापाशीच उभी राहून बायबलमधलं एक स्तोत्र वाचते आणि चहा उकळेपर्यंत घरातल्या एकेकाचं नाव प्रभूपुढे घेते. पाचच मिनिटं, पण मोबाइल हातात घेण्याआधी! एकदा मेसेज बघितले की मन लागत नाही.

बायबलमधल्या दानीएलवर राज्यकारभाराचा भार होता, तरी तो दिवसातून तीनदा यरुशलेमेकडच्या खिडकीपाशी गुडघे टेकायचा. येशू तर पहाटे अंधारातच उठून एकांतात जायचा (मार्क १:३५).

शब्द सुचत नसतील तर 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' ही येशूने शिकवलेली प्रार्थना सावकाश म्हणा. 'दिदाखे' या अगदी सुरुवातीच्या ख्रिस्ती लेखनातही हीच प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणायला सांगितलंय.

एखादा दिवस चुकला तर मनाला लावून घेऊन आठवडाभर सोडून देऊ नका. आणि रात्री मुलांनाही एखादं वाक्य त्यांच्या शब्दांत बोलू द्या. परवा आमची धाकटी वर्गातल्या आजारी मैत्रिणीसाठी बोलली, आणि 'आमेन' आम्ही सगळ्यांनी मिळून म्हटलं.