६४ जीबीचा पेनड्राइव्ह लॅपटॉपवर चालतो, पण गाडीच्या स्टिरिओत गाणी का दिसत नाहीत?

बहुधा फॉरमॅटचा, म्हणजे पेनड्राइव्हवर फाइली साठवण्याच्या पद्धतीचा, घोळ आहे. ३२ जीबीपेक्षा मोठे पेनड्राइव्ह अनेकदा एक्सफॅट (exFAT) फॉरमॅटमध्ये येतात आणि बऱ्याच गाड्यांच्या स्टिरिओला फक्त फॅट३२ (FAT32) फॉरमॅट वाचता येतो. विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅट खिडकीत ३२ जीबीच्या वर फॅट३२चा पर्याय सहसा दिसतच नाही, म्हणून सरळ १६ किंवा ३२ जीबीचा घ्या, उगाच डोकेफोड नको. तो फॅट३२मध्ये नसेल तर त्याच खिडकीतून फॅट३२ निवडून फॉरमॅट करा; फॉरमॅट केल्यावर सगळं पुसलं जातं, त्यावर गाणी असतील तर आधी दुसरीकडे काढून ठेवा.

तरीही काही गाणी गाळली जात असतील तर फाइलचं शेपूट (नावाच्या शेवटी .mp3 आहे की .flac) बघा: जुने स्टिरिओ एमपी३ वाजवतात, फ्लॅक सहसा नाही. क्रम उलटसुलट होतोय? काही स्टिरिओ नावाप्रमाणे नाही, कॉपी झालेल्या क्रमाने वाजवतात. नावाआधी ०१, ०२ घाला आणि रिकाम्या पेनड्राइव्हवर त्याच क्रमाने कॉपी करा.