पडद्याचं ऑपरेशन झालेल्या डोळ्यात मोतीबिंदूसाठी साधं फेको चालतं का, की वेगळं काही करतात?

चालतं, फेकोच करतात, म्हणजे बारीक छेदातून मोतीबिंदू फोडून ओढून घेतात. पण प्रश्नाखाली तुम्ही "शेवटी साधा मोतीबिंदूच ना" असं लिहिलंय ते वाचून राहवलं नाही, हेच वाक्य मी आमच्या भावजींकडून वर्षभर ऐकलंय.

माझा पडदा सुटला होता, व्हिट्रेक्टॉमी करून, म्हणजे डोळ्यातली जेली काढून, सिलिकॉन तेल भरलं, मागोमाग मोतीबिंदू आला, पन्नाशीनंतर हे ऑपरेशन झालेल्या बहुतेकांना तो येतोच. भावजी म्हणाले दहा मिनिटांचं काम, जुनी फाइल कशाला नाचवतेस. त्यांनी सांगितलेल्या ठिकाणी तेल आत असतानाच सोनोग्राफीने डोळा मोजला आणि तो दुसऱ्यापेक्षा भलताच लांब निघाला! विचारलं तर म्हणे, असतं काहींचं. अहो, आवाज डोळ्यातल्या जेलीतून सेकंदाला १५३२ मीटर जातो आणि सिलिकॉन तेलातून ९८० च्या आसपास, मशीनला ते सांगितलं नाही तर डोळा लांबच दिसणार, मग आत बसवायचं कृत्रिम भिंग कमी पॉवरचं बसतं आणि जन्मभर प्लसचा चष्मा. मी फाइल उचलली आणि निघाले. दुसरीकडे लाइटच्या मशीनवर मोजलं, फाइल पहिल्या पानापासून वाचली.

ऑपरेशन नुसत्या भुलीच्या थेंबांवर सुरू झालं. आत पाणी सोडलं आणि डोळा कुणी मागून ओढतंय अशी कळ आली. जेली काढलेली, मागून टेकू नाही, त्यामुळे पाण्याच्या दाबाने डोळ्याचं भिंग आणि आयरिस (बाहुलीभोवतीची रंगीत चकती) दोन्ही मागे सरकतात. डॉक्टर शांतपणे म्हणाले "बाटली खाली घ्या", दुसऱ्या हातातल्या बारीक हत्याराने बाहुलीची कड जरा उचलली, कळ गेली. तुम्ही विचारताय ते वेगळं तंत्र हेच, बाकी पाण्याने गर सुटा करताना जोर लावत नाहीत, कारण आधीच्या ऑपरेशनमध्ये भिंगाच्या मागच्या पिशवीला धक्का लागलेला असू शकतो.

हां, सगळ्यांना थेंब पुरत नाहीत, काहींना इंजेक्शनची भूल देतात. पडद्यासाठी डोळ्याला बाहेरून पट्टा बांधला असेल तर डोळा खरंच लांबतो, माप नव्यानेच घ्या. पुन्हा तेल भरावं लागायची शक्यता असेल तर सिलिकॉनचं भिंग नको, तेल त्याला चिकटतं. मल्टीफोकल, म्हणजे जवळचं-लांबचं दोन्ही दाखवणाऱ्या भिंगाच्या नादाला मी तरी लागले नसते. आणि नजर किती येणार ते पडद्यावर, माझी पूर्ण नाही आली.

ते भावजी ऐकतात कुठे, "बघ, दहा मिनिटंच लागली ना?"