पोलो जीटी टीएसआय, 60 हजार रुपये आणि पॉवर: पैसे कुठे घालावेत

पॉवर वाढवायला काय काय घालू, असं तुम्ही विचारलंत. 2016ची पोलो जीटी टीएसआय, रनिंग 62 हजार किमी, बजेट 60 हजार रुपये. तुमच्या यादीत ओपन एअर फिल्टर, स्टीलचा पूर्ण एक्झॉस्ट, ट्यूनिंग बॉक्स, 17 इंची अलॉय चाकं आणि पैसे उरलेच तर रिमॅप, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलणं. मी यादी उलटी करेन. रिमॅप ठेवा, बाकी चारही गोष्टी सोडून द्या.

हे इंजिन कंपनीतून 105 पीएस पॉवर आणि 175 एनएम टॉर्क (फिरवण्याचा जोर) देतं. तो टॉर्क 1500 पासून 4100 आरपीएमपर्यंत अगदी सपाट राहतो, कारण ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) बूस्ट, म्हणजे टर्बोने आत ढकललेल्या हवेचा दाब, मुद्दाम आवरून धरतो. म्हणजे पॉवर अडली आहे ती सॉफ्टवेअरमध्ये, नळ्यांमध्ये नाही. मूळ एअरबॉक्स पुढच्या बाजूने बाहेरची थंड हवा घेतो, तर ओपन फिल्टर बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो. टर्बोचा आवाज मस्त येतो, पण मे महिन्यात पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये गाडी उलट मंद वाटेल. एक्झॉस्टचंही तसंच. स्टेज 1 ला, म्हणजे पार्ट न बदलता केलेल्या रिमॅपला, मूळ एक्झॉस्ट पुरतो.

ट्यूनिंग बॉक्सबद्दल मात्र कळकळीने सांगतो, घेऊ नका. तो बूस्ट सेन्सरचा आकडा खोटा, कमी करून दाखवतो आणि ईसीयू बूस्ट वाढवतो. पण ईसीयू गिअरबॉक्सला जो टॉर्क कळवतो, तो जुन्याच हिशेबाने. तुमचा 7 स्पीड डीएसजी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स (डीक्यू200) त्या आकड्यावरून क्लच किती दाबायचा ते ठरवतो. टॉर्क खरा जास्त आणि दाब कमी, म्हणजे क्लच घसरणार. ड्राय क्लच आहेत, थंड करायला तेल नाही. या गिअरबॉक्सची मर्यादाच 250 एनएम आहे. त्यामुळे ट्यूनरला (रिमॅप करणाऱ्याला) स्पष्ट सांगा, टॉर्क 220-230 च्या वर नको आणि खालच्या आरपीएमला एकदम उसळी नको. त्यातही 125 ते 135 पीएस मिळतात, आणि साधारण 1100 किलोच्या गाडीला तो फरक ओव्हरटेक करताना लगेच जाणवतो. जास्त आकडा दाखवून गिऱ्हाईक ओढणाऱ्याकडे जाऊ नका. एकाच डायनोवर (पॉवर मोजणाऱ्या यंत्रावर), एकाच दिवशी, आधीचा आणि नंतरचा आलेख मागा. चाकांवरचा आकडा की इंजिनचा, तेही विचारा.

पण रिमॅपच्या आधी इंजिनची तब्येत बघा. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जात असल्याने इनटेक व्हॉल्व्ह कधी धुतलेच जात नाहीत. तेलाच्या वाफांची काजळी त्यांच्या पाठीवर साचते. 62 हजारांवर बोअरस्कोप (नळीचा बारीक कॅमेरा) घालून पाहिलं तर काळा, खरबरीत थर दिसू शकतो. थर जाड असेल तर आधी अक्रोडाच्या कवचाच्या भुशाने ब्लास्टिंग करून घ्या. सकाळी गाडी सुरू करताना थरथरत असेल तर संशय इथेच घ्या. नवे स्पार्क प्लग घाला. वाढलेल्या बूस्टला प्लगच्या टोकांमधला गॅप थोडा कमी लागतो, किती ते ट्यूनर सांगेल. प्लगला वीज देणारी एखादी कॉइल कुरकुरत असेल तर तीही बदला. टर्बोची तापलेली हवा थंड करणारा इंटरकूलर पाण्यावर चालतो, त्यामुळे कूलंट आणि त्याचा छोटा इलेक्ट्रिक पंप तपासून घ्या.

यानंतर लॉग, म्हणजे ईसीयूतल्या आकड्यांची नोंद, काढा. डायनोवर, तिसऱ्या गिअरमध्ये, 2000 पासून 6000 पर्यंत पूर्ण थ्रॉटल. मागितलेला आणि मिळालेला बूस्ट, आत जाणाऱ्या हवेचं तापमान आणि प्रत्येक सिलिंडरचं टायमिंग (ठिणगीची वेळ, नॉकिंग झालं की ईसीयू ती मागे नेतो) किती मागे खेचलं जातंय, एवढे आकडे पुरेत. मूळ सॉफ्टवेअरवरच टायमिंग मागे जात असेल तर रिमॅप थांबवा. इंधन 95 ऑक्टेनचं भरा आणि ट्यूनही त्याच इंधनावर करून घ्या. रोज कमी ऑक्टेनचं भरणार असाल तर ते आधीच सांगा.

उरलेले पैसे टायर आणि ब्रेकवर. 17 इंची चाकं जड, साइडवॉल बारीक, आणि आपल्या खड्ड्यांत रिम वाकायला एक पाऊस पुरतो. 15 इंची रिमवर चांगले 195/60 टायर घाला. पावसात दुसऱ्या गिअरला पुढची चाकं फिरू लागली, तर वाढलेले 25 पीएस कुठल्या कामाचे? पुढे बरे पॅड आणि ताजं डॉट 4 ब्रेक ऑइल. मागे ड्रम आहेत, ते राहू द्या. खंबाटकी घाट उतरताना पेडल मऊ लागलं तर बहुतेक दोष जुन्या, पाणी शोषलेल्या ब्रेक ऑइलचा असतो.

कायद्याचंही सांगतो, कारण हे कोणी सांगत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून वेगळा होईल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. त्याच कायद्याच्या कलम 182 अ प्रमाणे मालकाला प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. विमा कंपनीला न सांगितलेल्या बदलावरून दावाही अडू शकतो. हे सगळं लक्षात घेऊनच ठरवा.

लॉग काढलात की आकडे इथे टाका. टायमिंगचा रकाना मी आधी बघेन.